ड्रेनेजच्या वासाची तक्रार आणि तिचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

संपादक मंडळाने माझ्याकडे मागितला होता तो सोसायटीचा इतिहास. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा हे काम माझंच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पण प्लॉट, बिल्डर, कन्व्हेयन्स आणि पाण्याचे टँकर हा इतिहास बी विंगमधल्या आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी याच अंकात लिहिला आहे, आणि त्यांनी तो नुसता लिहिलेला नाही, भोगलेला आहे. मी परवानगी मागितली ती तक्रार वहीतल्या एकाच नोंदीचा इतिहास लिहायची. नोंद माझीच आहे.

१२ जुलै २०१६. ए विंगच्या मागच्या डक्टमधून ड्रेनेजचा घाण वास येतो, विशेषतः पहाटे व संध्याकाळी, तरी त्वरित लक्ष घालावे. खाली माझी सही. ऑगस्टमध्ये दुसरी नोंद, ऑक्टोबरमध्ये तिसरी, आणि तिच्यावर 'स्मरणपत्र क्र. २' असा मथळा. मास्तरकीची सवय, दुसरं काय. कमिटीने प्लंबर बोलावला. चेंबर उघडलं, दोन घरांचे नहाणी ट्रॅप बदलले, डक्टमध्ये माणूस उतरवला. काही सापडलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात हिला विचारलं, "वास फक्त सरांनाच येतो का हो?" त्या बोलून चालून थट्टेखोर. पण त्यांचंच निदान बरोबर निघालं, आणि तेही दोन वर्षं आधी.

त्याच सुमारास मला सर्दीने धरलं होतं. उजव्या नाकपुडीतून घट्ट, पिवळं येई. डोळ्याखाली जडपणा. बुटाची नाडी बांधायला वाकलो की गालात काहीतरी सरकल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी सायनस सांगितलं. गोळ्या झाल्या, नाकातले स्प्रे झाले, वाफ झाली, कुणाच्या तरी सांगण्यावरून जलनेतीही झाली. गोळ्यांचा कोर्स असेपर्यंत बरं वाटे, संपला की आठवड्याभरात पुन्हा तेच. २०१७ मध्ये स्कॅन काढला. उजव्या बाजूचा सायनस भरलेला. पुढे २०१८ मध्ये एका तज्ज्ञांनी फाइल चाळून सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, आणि दुखणं इतके दिवस एकाच बाजूला आहे म्हणजे आत गाठबिठ नाही ना, हेही बघितलं पाहिजे. ते बोलले ते बरोबरच बोलले. पण घरी येऊन 'गाठ' हा शब्द मी हिच्यापाशी उच्चारला नाही. आठ रात्री मी गॅलरीत बसून काढल्या. डक्टचा वास तिथेही येत होता.

नवव्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली. तेव्हा ती दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. लहानपणी माझ्याकडे सनावळ्या पाठ करायला यायची. माझा रुमाल बघून तिने विचारलं, "काका, दोन्हीकडून येतं की एकाच बाजूने?"

"एकाच. उजव्या."

"वास येतो का हो त्याला?"

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबली होती. मी दार धरून उभा राहिलो. त्या क्षणी तक्रार वहीतली तिन्ही पानं डोळ्यांपुढून गेली. संध्याकाळी ती घरी आली, स्कॅनची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि बोट ठेवलं. वरच्या उजव्या बाजूची मोठी दाढ. २००९ मध्ये हिचं रूट कॅनाल करून कॅप बसवली होती, त्यानंतर एक दिवस दुखली नव्हती. मुळाच्या टोकाशी शेंगदाण्याएवढा काळा डाग, आणि त्याच्या बरोबर वर भरलेला सायनस. "मी अजून शिकतेय काका, आमच्या सरांना दाखवू या," ती म्हणाली. पण डाग मलाही दिसत होता. फिल्म तीच, वर्षभर कपाटात पडलेली. रिपोर्टमध्ये सायनसबद्दल चार ओळी होत्या, दाताबद्दल एकही नव्हती.

दाढ बिघडली आणि वास डक्टचा आला, ही गोष्ट माझ्या इतिहासाच्या डोक्यात बसेना. म्हणून नेहमीचा उपाय केला, पुस्तकं काढली. वाटलं होतं, हा काहीतरी नवा शोध असणार. निघालं उलटंच. माणसाला हे साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे. मधे मधे तो विसरतो.

आधी जागा सांगतो. 'मला सायनस आहे' असं आपण म्हणतो, पण सायनस सगळ्यांनाच असतो. कवटीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या त्या. त्यांतली सर्वांत मोठी गालाच्या हाडामागे, दोन्ही बाजूंना एकेक. मोठ्या माणसात साधारण १५ मिलिलिटर मावेल एवढी, म्हणजे औषधाचे तीन चमचे. तिचं छप्पर म्हणजे डोळ्याची खोबण आणि तिची फरशी म्हणजे वरच्या दाढांची मुळं. सोसायटीच्या भाषेत, वरच्या फ्लॅटचा स्लॅब खालच्याच्या माळ्याला टेकलेला. काही माणसांत तर मुळाच्या टोकावर हाडच नसतं, नुसता पातळ पापुद्रा असतो. आपल्याकडे लिकेज वरून खाली येतं आणि भांडणं होतात. इथे खालच्याची घाण वर चढते, एवढाच फरक.

लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये कवटी कापून ही पोकळी चितारली होती. अतिशय सुरेख चित्रं आहेत. पण ती त्याच्या वह्यांत राहिली आणि शेकडो वर्षं वैद्यांच्या दृष्टीस पडली नाहीत, त्यामुळे त्यांचा कुणाला उपयोग झाला नाही. पोकळीला नाव मिळालं ते नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याचं. जन्म १६१३. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध चालू असताना हा ऑक्सफर्डला होता, आणि रक्त शरीरात फिरतं हे सिद्ध करणारा विल्यम हार्वीही तेव्हा तिथेच होता. दोघांनी मिळून अंड्यातल्या पिलाची वाढ अभ्यासली. पुढे हायमोर डॉर्सेट परगण्यातल्या शेरबॉर्न या लहानशा गावी दवाखाना चालवू लागला. १६५१ मध्ये त्याचा शरीररचनेवरचा लॅटिन ग्रंथ हेग शहरात छापला गेला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते.

या ग्रंथात त्याने एका बाईची हकिगत दिली आहे. ती मी तीनदा वाचली. बाईच्या गालातल्या या पोकळीत पू झाला होता. वरचा डावा सुळा काढल्यावर त्या भोकातून तो वाहू लागला, आणि वाहायचा थांबेना. हे येतंय तरी कुठून, म्हणून बाईने रुपेरी सुई घेतली आणि दाताच्या खळगीतून वर सारली. सुई जवळजवळ डोळ्यापर्यंत गेली. मग तिने एक पीस घेतलं, त्याचे केस सोलून काढले आणि ती काडी आत घातली. ती जवळपास पूर्ण आत गेली. आता ही मेंदूत शिरली, असं वाटून बाईचा थरकाप झाला आणि ती हायमोरकडे धावली. त्याने सगळं नीट विचारून घेतलं आणि समजावलं की बाई, काडी मेंदूत गेलेली नाही. गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिथे ती गुंडाळून वळली, म्हणून एवढी लांब गेली. दाताची खळगी आणि ही पोकळी यांच्यामधलं हाड किती पातळ असतं तर वाण्याच्या पुडीच्या कागदाएवढं, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

त्या बाईचं नाव पुस्तकात नाही. पोकळीला नाव मिळालं हायमोरचं. माझ्या मते सुई आणि पीस घालून तपासणी करणारी पहिली संशोधक ती बाईच. स्वतःच्या तोंडात असं काही घालायला किती धीर लागला असेल, आणि ती काडी आत आत जाताना ती रात्र तिने कशी काढली असेल, हे मला गॅलरीतल्या आठ रात्रींनंतर थोडंफार कळतं. हायमोरने तिला औषध काय दिलं, यापेक्षा त्याने तिची भीती घालवली हे मला मोठं वाटतं.

हायमोर १६८५ मध्ये वारला. त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाला हेच दुखणं झालं, आणि ते वैद्यांच्याच हातून झालं. चौदावा लुई, व्हर्सायचा तो झगमगाटी राजा. (आपल्याकडे त्या वर्षी संभाजी महाराज गादीवर आणि औरंगजेबाचा विजापूरला वेढा.) राजाचे वरच्या डाव्या बाजूचे दात काढताना जबड्याचं हाडही तुटलं आणि तोंडातून थेट या पोकळीत भोक पडलं. राजाच्या प्रकृतीची रोजनिशी वैद्य ठेवत असत. तीत आंत्वान दाकँ या राजवैद्याने नोंदवलंय की राजा पाणी प्याला किंवा गुळणी केली की पाणी नाकातून कारंज्यासारखं बाहेर येई. व्हर्सायच्या बागेत कारंजी होतीच, त्यात ही एक भर! पुढच्या वर्षाच्या आरंभी लोखंड लाल करून त्या भोकाला डाग देण्यात आले. एकदा नाही, चौदा वेळा. भूल नव्हती. वैद्यांच्या नोंदीप्रमाणे भोक अखेर बुजलं. ज्याच्या एका शब्दावर सैन्यं हलत, त्याला हे सोसावं लागलं. माझ्या वाट्याला जबडा बधिर करणारं इंजेक्शन आलं. शाळेत मुलं विचारायची, सर, जुन्या काळी जन्माला यायला आवडलं असतं का? आता उत्तर तयार आहे.

इथून पुढची दीडशे-दोनशे वर्षं एकाच विचारावर चालली. लंडनचा शल्यवैद्य विल्यम कूपर याची पद्धत १७०७ मध्ये जेम्स ड्रेकच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली: गालात पू झाला की पहिली मोठी दाढ काढायची, तिच्या खळगीतून वर भोक पाडायचं आणि पोकळी धुऊन काढायची. जॉन हंटर हा अठराव्या शतकातला फार मोठा शल्यवैद्य. त्यानेही दातांच्या रोगांवरच्या १७७८ च्या पुस्तकात या दुखण्याला वेगळी जागा दिली. भोक बुजू नये म्हणून त्यात नळी नाहीतर बूच बसवत, आणि रोगी ते काढून महिनोन् महिने गाल धूत बसे. विचार चुकीचा नव्हता. पण गाल भरला म्हणजे दाढच दोषी, असं एकदा ठरल्यावर चांगल्या दाढाही गेल्या असणार. ज्याच्या हाती पकड, त्याला प्रत्येक दुखणं दातातच दिसतं.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडलने नाकाच्या पोकळीच्या रचनेवरचा ग्रंथ काढला. नाक आणि सायनस यांच्यामधली दारं, वाटा, वळणं त्याने मांडली, आणि नाकाचा स्वतंत्र तज्ज्ञ ही जात उभी राहिली. सायनसमधला पू बहुतेक वेळा नाकाच्याच वाटेने येतो, हा पक्ष बळावला. तोंडात दिवा धरून अंधाऱ्या खोलीत गाल उजळतो का, हे बघायची हेरिंगची युक्ती १८८९ ची. ज्या बाजूला पू, ती बाजू काळी दिसे. १८९५ च्या नोव्हेंबरात रंटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढच्या जानेवारीत जर्मनीत ऑटो वाल्कहॉफने स्वतःच्या दातांचा फोटो काढलासुद्धा. त्यासाठी २५ मिनिटं तोंड न हलवता बसावं लागलं. ऑपरेशनच्या बाबतीत अमेरिकेतला जॉर्ज कॉल्डवेल १८९३ मध्ये आणि पॅरिसचा हेन्री लुक १८९७ मध्ये, एकमेकांना नकळत, एकाच पद्धतीवर पोचले: वरचा ओठ उचलायचा, दातांच्या वर हिरडीत छेद घ्यायचा, गालाच्या हाडाला खिडकी पाडून आतला सडका पापुद्रा खरवडायचा आणि नाकाकडे नवं दार उघडायचं. 'कॉल्डवेल-लुक' या जोडनावाने हे ऑपरेशन जवळपास नव्वद वर्षं चाललं. आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांचं किंवा आजोबांचं 'सायनसचं ऑपरेशन' झालं असेल, त्यांचं बहुधा हेच.

त्याला धक्का बसला तो ऑस्ट्रियात ग्राट्स इथे. वाल्टर मेसरक्लिंगर नावाचे प्राध्यापक दुर्बिणीतून नाकात तासन् तास बघत बसत. सायनसच्या आतल्या पापुद्र्यावर सूक्ष्म केस असतात आणि ते शेंबडाचा पातळ थर सतत वाहून नेतात. गंमत अशी की या गालाच्या खोलीचं दार तळाशी नाही, वर छताजवळ आहे. म्हणजे आपल्या टाकीला आउटलेट तळाला असतो तसं नाही. इथलं पाणी चढ चढूनच बाहेर पडतं. ते केस पिढ्यान् पिढ्यांच्या शिस्तीने त्या वरच्या दाराकडेच ढकलतात. खाली तुम्ही कितीही मोठी खिडकी पाडा, ती टाळून त्यांची वाहतूक वरच्याच दाराने चालते. हे कळल्यावर खरवडण्यापेक्षा मूळ दार मोकळं करणं शहाणपणाचं ठरलं. मेसरक्लिंगर यांचं इंग्रजी पुस्तक १९७८ चं. त्यांचे शिष्य श्टामबर्गर आणि अमेरिकेत बाल्टिमोरचे डेव्हिड केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास हे दुर्बिणीचं ऑपरेशन जगभर नेलं. त्याआधी १९७१ मध्ये इंग्लंडात हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रोग्याचा सीटी स्कॅन झाला होता, ज्याबद्दल त्याला १९७९ चं नोबेल मिळालं. आता डॉक्टरला कवटी न उघडता आतली प्रत्येक खोली दिसू लागली.

एवढं सगळं दिसू लागल्यावर दाढ तर ठळक दिसायला हवी. दिसत होतीच. पण बघायचं कुणी?

ही फाळणी कशी झाली, हे शोधताना मला बाल्टिमोर पुन्हा भेटलं. जगातलं पहिलं स्वतंत्र दंतमहाविद्यालय याच शहरात १८४० मध्ये निघालं. तोवर दात काढणारा बराचसा कारागीर समजला जाई; त्याला शिक्षण, पदवी आणि मान मिळाला तो या शाळेमुळे, आणि हे चांगलंच झालं. आपल्याकडे कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं, आणि १९४८ मध्ये दंतवैद्यांसाठी वेगळा कायदा झाला. वेगळी शाळा, वेगळी पदवी, वेगळं रजिस्टर. तोंडाचं वरचं छत ही सरहद्द ठरली. छताखाली दंतवैद्य, छतावर नाक-कान-घसा. हायमोरला ही सरहद्द माहीत नव्हती. त्याच्याकडे आलेली बाई एकच होती आणि तिचा वैद्यही एकच होता.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि म्हणून मी कुणावर रागावलेलो नाही. नाकाच्या डॉक्टरांनी नाक तपासलं, त्यात पू होता. दाताच्या डॉक्टरांकडे मी सफाईला गेलो होतो तेव्हा त्यांनी दाढेवर ठोकून पाहिलं, छोटा एक्सरे काढला, ठीक म्हणाले. पुढे कळलं की वरच्या दाढांच्या छोट्या एक्सरेत गालाचं हाड आणि सायनस यांच्या सावल्या एकावर एक पडतात आणि मुळाचा डाग त्यात लपून जातो. जबड्याचा त्रिमिती स्कॅन, जो १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत आणि जपानमध्ये तयार झाला, त्यात तो स्पष्ट दिसतो. शिवाय माझी दाढ दुखत नव्हती, आणि मला वाटे, दुखत नाही म्हणजे चांगली आहे. या आजारात बहुतेकांची दाढ दुखतच नाही. रूट कॅनाल झालेली असेल तर तिची नस आधीच गेलेली असते, आणि पू कोंडून न राहता वर सायनसमध्ये मोकळा होतो. ठणका लागत नाही. लागतो तो वास. दातातले जंतू हवेशिवाय वाढणारे, कुजवणारे. त्यांची दुर्गंधी रोग्याच्या स्वतःच्या नाकात आतून चढते. बाहेरच्याला कधी येते, कधी येत नाही. आयुर्वेदात नाकाच्या रोगांत 'पूतिनस्य' म्हणून आहे, सुश्रुताने सांगितलेलं. शब्द ऐकूनच वास येतो.

पूर्वीच्या वैद्यकीय पुस्तकांत गालाच्या सायनसची दुखणी दातामुळे होण्याचं प्रमाण १० ते १२ टक्के धरलेलं असे. स्कॅन बारकाईने बघू लागल्यावर काही पाहण्यांत ते ४० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि एकाच बाजूचं दुखणं असेल तर शंका अधिकच. दुर्बिणीचं ऑपरेशन होऊनही बरे न झालेले रोगी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांची दाढ तशीच राहून गेलेली आढळली. अखेर २०२१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या नाक-कान-घशाच्या आणि दातांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निदान कसं करायचं हे लिहून काढलं. त्याचा गाभा मला आपल्या लिकेजच्या प्रकरणासारखा वाटला: वरच्या आणि खालच्या, दोन्ही फ्लॅटची पाहणी एकत्र व्हावी. नाकाच्या डॉक्टरने दुर्बिणीतून पू पाहून सायनसचं नक्की करायचं, दंतवैद्याने दात तपासून मुळाचं नक्की करायचं, आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं आधी काय करायचं ते.

माझं तसंच झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या सरांनी त्रिमिती स्कॅन करवला, दाताचे सगळे कंगोरे तपासले आणि मला ऑपरेशन सुचवणाऱ्या तज्ज्ञांना स्वतः फोन केला. दोन डॉक्टर माझ्याबद्दल एकमेकांशी बोलताहेत, हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. दुर्बीण घातली, पू दिसला, गाठ नव्हती. हिला मी त्या दिवशी 'गाठ' हा शब्द सांगितला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. फाइल मीच लावून ठेवते ना." म्हणजे त्या आठ रात्री तीही जागीच होती, आत.

दाढ वाचवायचा विचार आधी झाला. रूट कॅनाल पुन्हा करता येतं आणि पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. माझ्या दाढेचं मूळच उभं चिरलेलं निघालं, म्हणून ती काढावी लागली. काढल्यावर वर भोक राहिलंय का, हे त्यांनी बघितलं. बारीक असेल तर ते आपसूक बुजतं. मोठं असेल तर हिरडीचा तुकडा सरकवून शिवतात, ही पद्धत रेहरमान नावाच्या जर्मन डॉक्टरने १९३६ मध्ये सांगितली. लुई राजाला अडीचशे वर्षं उशीर झाला. मला शिवायची वेळ आली नाही, पण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, हा नेम पाळला. बरोबर थोडे दिवस गोळ्या. बाराव्या दिवशी सकाळी चहाचा वास आला, नुसता चहाचा. तीन महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा सायनस मोकळा होता आणि नाकाच्या ऑपरेशनची गरज पडली नाही. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना दाढेबरोबर दुर्बिणीचं ऑपरेशनही लागतं. आणि एकाच बाजूला त्रास म्हणजे दाढच, असंही कुणी माझा लेख वाचून घरच्या घरी ठरवू नये. बुरशीचा गोळा, मांसवाढ, गाठ यांचंही दुखणं एका बाजूला असू शकतं, म्हणून दुर्बीण चुकवायची नाही. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसायला फरक पडला तर उद्यावर न ढकलता हॉस्पिटल गाठायचं. एरवी डॉक्टरांना एवढंच आपणहून सांगायचं: वास येतो का, कुठल्या बाजूचा, आणि त्या बाजूला कधीकाळी दाढेचं काही काम झालं होतं का. मला हे कुणी विचारलं नाही, हे खरं. मीही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी आता दुसऱ्या शहरात स्वतःचं क्लिनिक चालवते. दाढ मी तिच्याकडून मागून आणली होती, जुन्या फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. नातवाला दाखवतो. त्याला हायमोरची बाई फार आवडते, विशेषतः पीस आत जातं तो भाग.

राहता राहिली तक्रार वही. प्लंबरचे, डक्टमध्ये उतरलेल्या माणसाचे आणि दोन ट्रॅपचे मिळून झालेले पैसे सोसायटीने भरले होते, ते मी २०१९ च्या जनरल बॉडीत परत करायला उभा राहिलो. अध्यक्षांनी बसवलं आणि म्हणाले, सर, त्या निमित्ताने डक्ट तरी साफ झाला. पण वहीत त्या तीन नोंदींपुढे 'निकाली' असा शेरा अजून पडलेला नाही, मी परवाच बघून आलो. विद्यमान सेक्रेटरींनी या अंकाचं प्रकाशन झाल्यावर तेवढी एक सही करावी, अशी विनंती आहे. तिला स्मरणपत्र क्र. ३ समजायला हरकत नाही.